पहिल्या पानावरचं नाव

मे महिन्यात रत्नागिरीच्या घरी माळा आवरताना बाबांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे एकवीस अंक सापडले. वेताळ, मँड्रेक, बहादूर. खाऱ्या हवेने पिना गंजलेल्या, कोपरे कसरीने खाल्लेले. मी फोटो काढून एका संग्राहकाला पाठवले. वेताळाच्या एका अंकाला त्याने चांगला भाव सांगितला, फक्त पहिल्या पानावर शाईने लिहिलेलं नाव जमलं तर घालवा म्हणाला. नाव असलं की किंमत उतरते.

ते नाव बाबांचं नव्हतं.

"वाचायला आणला होता त्याच्याकडून. द्यायचा राहिला," बाबा म्हणाले. चाळीस वर्षं राहिला!

नावं पुसायची सवय खुद्द इंद्रजाललाही होती. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४मध्ये ही मालिका सुरू केली, १९९०मध्ये ती थांबली. ली फॉकच्या मूळ गोष्टी पानांत बसवायला चौकटी गाळल्या जायच्या. वेताळाचा देश मूळचा बंगाला, इथे तो डेंकाली झाला. 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले, आणि खुनी 'रामा' झाला 'रामालू'. इथला वाचक दुखावू नये म्हणून. मला हा भित्रेपणा वाटायचा. आता वाटतं, त्यांनी निदान कुणाचा तरी विचार करून नाव बदललं (खपाचाही केला असेल म्हणा). मी कुणाचा करत होतो? शिवाय रामा काही आपलं कॉमिक परत मागायला येणार नव्हता.

ऑफिसात कोडची हिस्टरी पुसणाऱ्याला मी झापतो. कुणी काय लिहिलं ते राहिलंच पाहिजे, असं मोठ्या तोंडाने सांगतो. इथे मात्र शाई कशाने जाते ते गूगल करून झालं होतं.

त्याहून टोचलं ते वेगळंच. संग्राहक 'काही मिळणार नाही' म्हणाला असता, तर तो अंक मी नावासकट रद्दीत घातला असता. म्हणजे उधारी मला आठवली ती भाव कळल्यावर. परत करायची वस्तू महाग झाली म्हणून देणं वाढतं का? की ते तेव्हाही एवढंच होतं, चिल्लर पैशांचा अंक होता तेव्हा?

बाबांनी अंक पिशवीत घातला. मित्राचं घर मारुती मंदिराजवळ, चालत दहा मिनिटांवर. चपला घालताना म्हणाले, "किंमत सांगू नकोस हं त्याला."

का, ते मी विचारलं नाही. मला वाटतं, सांगायला हवी. त्यांच्या मागोमाग निघालोय.