पंचाची शिट्टी कोणासाठी?

आपल्याच दाव्यात आपण न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींचा समक्ष अवमान झाला, तरी 1971 च्या न्यायालय-अवमान कायद्याचे 14 वे कलम आरोपीला अशी विनंती करू देते की, माझा विचार दुसऱ्या न्यायमूर्तींनी करावा. फुटबॉलच्या पंचाला ही सोय नाही. मैदानाच्या कडेवरून प्रशिक्षकाने त्याला टाकून बोलले, की अपमानित तोच, साक्षीदार तोच आणि निकाल देणाराही तोच. शिवाय निकाल तेथल्या तेथे द्यावयाचा; तारीख पुढे ढकलण्याची मुभा नाही.

प्रशिक्षकालाही कार्ड दाखविण्याचा अधिकार पंचाला 2019 पासून मिळाला. तत्पूर्वी त्याला तोंडानेच बाहेर काढावे लागे. नियमांनी पायऱ्या ठरविल्या आहेत. निर्णयाबद्दल सौम्य नापसंती दाखविली तर समज. उपहासाने टाळ्या वाजविल्या किंवा रागाने पाण्याची बाटली भिरकावली तर पिवळे कार्ड. अपमानकारक किंवा शिवीगाळीची भाषा वापरली तर लाल. परंतु नापसंती कोठे संपते आणि अनादर कोठे सुरू होतो, हे कोणताच नियम सांगू शकत नाही. ते पंचाच्या मतावर सोडलेले आहे.

आमच्या सीमाभागात हे मत बनविणे विशेष अवघड. बेळगावच्या मैदानावर प्रशिक्षक मराठीत ओरडतो, पंच कानडीत विचार करतो, कडेला उभे असलेले पालक कोकणीत किंवा उर्दूत आपले मत देतात. त्यात निपाणीकडची मंडळी कोल्हापूरच्या वळणाची; ज्या शब्दाने तिकडे मित्राला जवळ घेतात, त्याच शब्दाने इकडे डोकी फुटतील! 1966 च्या विश्वचषकात वेम्बलीवर जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाच्या रॅटिनला बाहेर काढले, तेव्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि मोठाच घोळ झाला. त्या प्रसंगानंतरच केन अ‍ॅस्टन यांना वाहतुकीच्या दिव्यांवरून रंगीत कार्डांची कल्पना सुचली आणि 1970 साली मेक्सिकोत ती अमलात आली. शिक्षा सांगण्याची अडचण त्यामुळे दूर झाली. शब्द ऐकून त्याचे वजन करण्याची अडचण मात्र होती तेथेच आहे.

तरीही माझे म्हणणे असे की, मुलांच्या सामन्यात पंचाने प्रथम स्वतःविषयीचे शब्द तोलूच नयेत. शिवीगाळीबद्दल लाल कार्ड सांगणारा नियम ती शिवी कोणाला दिली हे पाहत नाही. ती पंचाला असेल, प्रतिपक्षाला असेल, तशीच स्वतःच्या संघातल्या बारा वर्षांच्या मुलालाही असेल. प्रत्यक्षात काय दिसते? प्रशिक्षकाने पंचाच्या डोळ्यांविषयी शंका घेतली, की शिट्टी वाजते, कार्ड निघते. त्याच प्रशिक्षकाने चेंडू सोडणाऱ्या गोलरक्षक पोराची आई-बापासकट उजळणी केली, तर पंच दुसरीकडे पाहतो. तो त्यांच्या घरचा मामला, अशी समजूत! हा न्याय उलटा आहे. पहिल्या प्रकरणात पंच स्वतः पक्षकार असल्याने त्याचा अधिकार डागाळलेला असतो. दुसऱ्यात तो खरोखर तिऱ्हाईत असतो, आणि ज्याच्या वतीने बोलावयाचे त्या मुलाला तेथे दुसरा वकील नसतो.

यावर वडीलधारी मंडळी म्हणतील की, गुरूचा राग हा प्रसादच. आम्हीही छड्या खाऊन शहाणे झालो. या युक्तिवादात छड्या खाऊन शाळाच सोडून गेलेल्यांची साक्ष कधी निघत नाही, हे एक. दुसरे असे की, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेतील बालकाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंची मनाई केली आहे. वर्गात ज्याला हे बंधन आहे, तो शिक्षक मैदानाच्या चुन्याच्या रेषेशी आला म्हणजे त्यातून सुटतो, असे मला तरी वाटत नाही. अर्थात कठोर शब्द आणि अपमानकारक शब्द यांत अंतर आहे. ‘पळ, झोपलास काय!’ यावर शिट्टी फुंकणारा पंच हास्यास्पद ठरेल. मुलाच्या खेळावर बोलणे आणि मुलाच्या कुळावर बोलणे, एवढा भेद कोणत्याही भाषेत ओळखू येतो. स्वर आणि पोराचा चेहरा पाहिला, की बहुधा शब्दकोश लागत नाही.

खरा पेच त्यानंतरचा आहे. लाल कार्ड मिळालेल्या प्रशिक्षकाने मैदानाच्या आसपासही थांबावयाचे नसते. निपाणीहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर बसने मुले घेऊन आलेला एकटा शिक्षक असा बाहेर गेला, तर त्या मुलांना पाहणार कोण? नियमकारांना अशा अडचणीची जाणीव अगदीच नाही असे नव्हे. संघाच्या वैद्याने लाल कार्डाचा अपराध केला आणि दुसरा वैद्य नसला, तर त्याला थांबू देण्याची सवलत त्यांनी ठेवली आहे. जखमी खेळाडू उपचाराविना राहू नये, हा त्यातला हेतू. प्रशिक्षकाला अशी सवलत नाही, आणि मुलाला शिव्या देणाऱ्याच्याच हाती ते मूल ठेवण्यासाठी ती मागणेही विपरीत होईल. स्पर्धा भरविणाऱ्यांनी प्रत्येक संघाबरोबर दोन जबाबदार माणसे असल्याखेरीज नाव नोंदवून घेऊ नये, एवढे सहज करता येईल. दुसऱ्या माणसाचे बसभाडे शाळेने द्यावयाचे की स्पर्धेच्या फंडातून, हे त्यांनी हंगामापूर्वीच ठरवावे.