तेरावी खेळाडू

जर्सी सिटीच्या ग्रोव्ह स्ट्रीटहून नेवार्ककडे जाणाऱ्या पाथ गाडीत बसलं की जर्नल स्क्वेअरनंतर हॅरिसन येतं. 8 मार्च 2020 रोजी तिथल्या रेड बुल अरीनात अमेरिका, स्पेन, इंग्लंड आणि जपान या चार देशांच्या महिला फुटबॉल संघांचे सामने झाले आणि 25 हजार आसनांचं मैदान भरून गेलं. न्यू जर्सीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडून तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते. दुसऱ्याच दिवशी राज्यात आणीबाणी जाहीर झाली. त्या गर्दीला आज दोष देणं सोपं आहे, पण न्याय्य नाही, कारण संकट केवढं आहे याचा अंदाज तेव्हा कोणालाच आला नव्हता. मला छळतो तो त्यानंतरच्या दोन वर्षांचा प्रश्न. सगळं कळल्यावरही आंतरराष्ट्रीय फुटबॉल चालू ठेवायचं, तर त्याची किंमत कोणी मोजायची?

ती कोणी मोजली, हे 23 जानेवारी 2022 च्या रविवारी नवी मुंबईत दिसलं. आशियाई महिला चषकाचं यजमानपद भारताकडे होतं आणि सामने नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरी आणि बालेवाडी इथे होते. 2023 च्या विश्वचषकाची वाट याच स्पर्धेतून जात होती. 20 तारखेला भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली होती. चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्याच्या तोंडावर भारताच्या डझनभर खेळाडू पॉझिटिव्ह निघाल्या. नियमाप्रमाणे गोलरक्षिकेसह किमान तेरा खेळाडू हव्या होत्या. तेवढ्या उभ्या राहू शकल्या नाहीत. सामना पुढे ढकलला गेला नाही. भारताने स्पर्धेतून माघार घेतली, असं धरलं गेलं आणि इराणबरोबरचा निकालही रद्द झाला. इराणचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. नव्वद मिनिटं गोल न खाता त्या मुलींनी मिळवलेला गुण त्यांचा काहीही दोष नसताना पुसला गेला. ‘माघार’ हा शब्द मला अजून खुपतो. माघार माणूस आपणहून घेतो; या मुली तर विलगीकरणाच्या खोल्यांत बंद होत्या.

वेळापत्रक हलवता येत नाही, असं यावर सांगितलं जातं. पण ज्याला हलवायचं होतं त्याने ते हलवलं. पुरुषांची युरो 2020 स्पर्धा सबंध वर्षभर पुढे गेली. त्याच जानेवारीत आपल्या क्रिकेट मंडळाने रणजी करंडक लांबणीवर टाकला आणि फेब्रुवारीत सुरू केला. शतकांची परंपरा असलेली आषाढी वारीसुद्धा 2020 मध्ये पायी निघाली नाही; ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, सोबत मोजकी माणसं. लाखो वारकऱ्यांनी हे मन घट्ट करून स्वीकारलं. महिलांचा विश्वचषक तर जुलै 2023 मध्ये होता, म्हणजे दीड वर्ष हातात होतं. त्यातले आठ-दहा दिवस या मुलींसाठी काढता आले नाहीत, हे मला पटत नाही.

मग साथ असेपर्यंत सगळं बंदच ठेवावं का? तसंही मी म्हणणार नाही. भारतात 2020 मध्ये व्हायचा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आधी लांबला, मग रद्द झाला. 2022 च्या ऑक्टोबरात तो भारतात भरला तेव्हा आधीच्या तयारीतल्या कितीतरी मुलींचं वय उलटून गेलं होतं. थांबण्याचीही किंमत असते, आणि जिच्या वाट्याला मुळात सामनेच कमी येतात तिला ती जास्त बसते. ओमायक्रॉन सौम्य होता, लसीकरण झालं होतं, बायो-बबल होता, हेही खरं. पण बबल म्हणजे काही काचपेटी नव्हे. दाराशी जेवणाचं ताट ठेवणारा, चादरी बदलणारी, बस चालवणारा ही माणसंही त्याचाच भाग असतात. एवढी काळजी घेऊनही आजार आत शिरू शकतो, हे जानेवारी 2022 पर्यंत जगाला माहीत होतं. तो शिरला तर काय करायचं, याची तरतूद स्पर्धेआधीच हवी होती. नियमात होती ती मात्र शिक्षा.

आणि नियम सगळ्यांना सारखाच लागला असंही नाही. 5 सप्टेंबर 2021 रोजी साओ पाउलोत पुरुषांच्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला ब्राझील-अर्जेंटिना सामना सुरू होऊन काही मिनिटंच झाली होती, तेवढ्यात आरोग्य अधिकारी थेट मैदानात शिरले. अर्जेंटिनाच्या चार खेळाडूंनी विलगीकरणाचा नियम मोडला, असा त्यांचा आक्षेप होता. तो सामना पुन्हा कधीच खेळवला गेला नाही, तरी दोन्ही संघ विश्वचषकाला गेले. नियम मोडल्याचा आरोप असूनही तिथे तडजोड निघाली. इथे नुसतं आजारी पडणं पुरेसं ठरलं.

2026 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी फिफाने ईस्ट रदरफोर्डचं मैदान निवडलं, जर्सी सिटीपासून काही मैलांवर. एवढा मोठा सोहळा आखणाऱ्यांना चार राखीव दिवस आखणं जड नाही. पुढची साथ यायच्या आत फिफाने आणि आशियाई महासंघाने नियमात एवढं लिहून टाकावं, आणि भारताच्या महासंघाने त्यासाठी आग्रह धरावा: तेरावी खेळाडू आजारी असेल, तर सामना तिची वाट पाहील.