देवांचा लोहार

ग्रीक लोकांचे देव रूपवान् होते. त्यांचें तारुण्य ढळत नसे, त्यांच्या पेल्यांत अमृतरस असे, आणि मानवांच्या कष्टांकडे ते बहुधा ऑलिम्पस पर्वताच्या शिखरावरून मौजेनें पाहत. या मंडळींत एकच देव असा आहे कीं, जो भट्टीपुढें घामाघूम होतो आणि काठीच्या आधारानें लंगडत चालतो. त्याचें नांव हेफीस्टस. रोमन लोक त्यालाच व्हल्कन म्हणत. तो अग्नीचा व धातुकामाचा देव, म्हणजे देवांचा लोहार होय. अपोलो आणि अथीना यांची ओळख सुशिक्षित वाचकांस असते. या लोहाराकडे मात्र कोणी फारसें वळून पाहत नाहीं. परंतु आजच्या मनुष्यास ग्रीक देवांपासून कांहीं शिकावयाचें असेल, तर आमच्या मतें तें या देवापासूनच अधिक शिकण्यासारखें आहे; आणि तें त्याच्या गुणांपासून जितकें, तितकेंच त्याच्या दोषांपासूनहि.

होमरच्या ‘इलियड’ काव्यांत त्याच्या दोन कथा येतात. एका कथेंत तो पंगु म्हणून त्याची आई हेरा हिला त्याची लाज वाटली आणि तिनें त्याला खालीं टाकून दिलें. थेटिस आणि युरिनोमी या दोन जलदेवींनीं त्याला जवळ केलें. त्यांच्या गुहेंत तो नऊ वर्षें राहिला, आणि भोंवतीं महासागराचा प्रवाह घोंघावत असतां आंत बसून कांकणें व कंठे घडवीत राहिला. दुसऱ्या कथेंत आईबापांच्या भांडणांत त्यानें आईचा पक्ष घेतला, तेव्हां झ्यूसनें त्याचा पाय धरून त्याला भिरकावलें. दिवसभर तो पडत होता, आणि सूर्यास्ताच्या सुमारास लेम्नॉस बेटावर आदळला. तेथील रहिवाशांनीं त्याची शुश्रूषा केली. दोन्ही कथांचा मेळ बसविणें कठीण आहे, पण दोहींचें मर्म एकच: घरच्यांनीं टाकलें आणि परक्यांनीं उचललें. अशा स्थितींत पुष्कळांचें आयुष्य गाऱ्हाणें सांगण्यांत सरतें. हेफीस्टसनें हात चालू ठेवले. काम हें सर्व दुःखांवर औषध आहे असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण कित्येक दुःखें कामानें जात नाहींत. परंतु ज्याच्या हातांत कांहीं घडत असतें त्याचें दुःख त्याला पुरतें गिळूं शकत नाहीं, एवढें खचित.

त्याच काव्याच्या पहिल्या सर्गांत एक लहानसा प्रसंग आहे. झ्यूस आणि हेरा यांची कडाक्याची बोलाचाली होऊन देवसभेवर अवकळा पसरते. तेव्हां ज्या मुलाला टाकून दिलें होतें तोच उठतो, आईच्या हातीं पेला देऊन तिची समजूत घालतो, आणि सर्वांना अमृतरस वाढूं लागतो. त्याची ती धांवपळ पाहून देवांना हसूं आवरत नाहीं. मेजवानी सूर्यास्तापर्यंत चालते, आणि मग देव आपआपल्या घरीं निजावयास जातात. होमर जातां जातां सांगतो कीं, तीं घरें हेफीस्टसनेंच बांधलेलीं होतीं. कवि त्यावर टीका करीत नाहीं. करण्याचें कारणहि नाहीं. ज्याला आपण हसलों त्याच्याच छपराखालीं आपण निजतों आहोंत, हें त्या देवांपैकीं एकाच्याहि ध्यानीं आलेलें दिसत नाहीं. आणि मनुष्यांच्याहि तें क्वचितच येतें.

खुद्द ग्रीकांचेंच पाहा. अथेन्सच्या बाजारचौकाशेजारील टेकडीवर इ. स. पूर्व ४४९ च्या सुमारास हेफीस्टसचें संगमरवरी मंदिर बांधावयास सुरुवात झाली. तें आजहि उभें आहे, आणि इतकें शाबूत राहिलेलें प्राचीन ग्रीक देऊळ विरळाच सांपडेल. त्याच्या आसपास धातुकाम करणाऱ्यांच्या कार्यशाळांचे अवशेषहि सांपडले आहेत. देवाचा मान असा मोठा होता. पण त्याच्या भक्तांचा? अथेन्समध्यें कारागीर नागरिक असत आणि सभेंत मत देत, परंतु विचारवंतांना तें रुचत नव्हतें. झेनोफननें सॉक्रेटिसच्या तोंडीं असें मत घातलें आहे कीं, बैठ्या आणि भट्टीजवळच्या धंद्यांनीं शरीर बिघडतें व त्याबरोबर मनहि दुबळें होतें. अ‍ॅरिस्टॉटल तर म्हणतो कीं, उत्तम राज्य कारागिराला नागरिक करणारच नाहीं.

या विसंगतीला हसण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाहीं. आमच्या गांवगाड्यांत लोहार, सुतार, चांभार यांच्यावांचून नांगर चालत नसे कीं मोट चालत नसे. तरी त्यांच्या वांट्याला बलुतें आलें आणि मान दुसरीकडे गेला. विश्वकर्म्याची पूजा करणाऱ्या या देशांत माणसाकडून मैला उचलून घेण्यास २०१३ च्या कायद्यानें कडक बंदी केली, आणि त्यानंतरहि गटारांत उतरलेलीं माणसें गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण सकाळच्या चहाबरोबर वाचीत आलों आहोंत.

यंत्रें आलीं म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटेल, असें कित्येकांस वाटतें. ही आशाहि जुनीच आहे. हेफीस्टसनें सोन्याच्या चाकांच्या वीस तिवया घडविल्या होत्या. त्या आपोआप देवसभेंत जात व आपोआप परत येत. त्याला आधार देऊन चालविणाऱ्या दासीहि त्यानें सोन्याच्याच केल्या होत्या, आणि त्यांना बुद्धि व वाणी होती. या तिवयांचा उल्लेख करून अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो कीं, हत्यारें जर अशीं स्वतःच काम करतीं, धोटा जर आपणच विणता, तर धन्याला गुलामांची गरज उरली नसती. आज धोटा आपण विणतो, आणि बोलणारीं यंत्रेंहि घरोघर आलीं आहेत. पण जेथें मनुष्याचें जीवित यंत्राहून स्वस्त पडतें तेथें यंत्र आणलें जात नाहीं, हें गटारांकडे पाहिलें म्हणजे कळतें. धन्याची दृष्टि बदलण्याचें काम तिवयांच्या हातचें नव्हे.

तथापि श्रमाची महती गाऊन आम्हीं येथेंच लेखणी खालीं ठेवली, तर या देवाची अर्धीच ओळख करून दिल्यासारखें होईल. कुशल हात कशासाठीं चालतात, हा प्रश्न त्याच्या चरित्रांत पुन्हां पुन्हां उभा राहतो. ‘ओडिसी’च्या आठव्या सर्गांत, पत्नी अ‍ॅफ्रोडायटी आणि युद्धदेव अ‍ॅरीस यांचा चोरटा संबंध कळतांच तो कोळिष्टकासारखें बारीक, डोळ्यांना न दिसणारें जाळें घडवितो आणि दोघांना शय्येवरच जखडून टाकतो. अपराध खरा, कारागिरीहि अप्रतिम. पण मग तो सर्व देवांना तें दृश्य पाहावयास बोलावतो, आणि देव खो खो हसतात. हर्मीस तर म्हणतो कीं, तिप्पट बेड्या पडल्या तरी अ‍ॅरीसच्या जागीं आपण आनंदानें राहूं. सूड पुरा झाला आणि दुःख चव्हाट्यावर आलें. अपमान जगापुढें सिद्ध केला म्हणजे तो भरून निघतो, ही समजूत किती पोकळ आहे हें त्या हसण्यानें कळतें.

याहून गंभीर प्रसंग एस्किलसच्या नांवावर चालत आलेल्या प्रोमीथ्यूसविषयींच्या नाटकांत आहे. प्रोमीथ्यूसनें अग्नि चोरून मानवांना दिला, म्हणून त्याला ओसाड कड्यावर खिळून टाकावयाचें आहे. आणि झ्यूसची आज्ञा हेफीस्टसला आहे. सत्ता आणि बळजबरी या दोन व्यक्ति त्याच्यावर पाहरा करीत शेजारीं उभ्या आहेत. चोरलेला अग्नि त्याचाच असूनहि त्याच्या मनांत द्वेष नाहीं. तो कळवळतो, आपल्या कौशल्याला शाप देतो, आणि तरीहि खिळे ठोकतो. एकहि खिळा सैल बसत नाहीं.

आमचा खरा प्रश्न येथें आहे. काम चोख करणें हा सद्गुण पुरेसा आहे काय? आजच्या सुशिक्षित कुटुंबांतील मुलेंमुली भट्टीजवळ बसत नसतील. पण ती यंत्रें आंखतात, हिशेब लिहितात, हुकुमांचे मसुदे तयार करतात. हुकूम वरून आला, आपण न केलें तर दुसरा करील, घरीं पोरेंबाळें आहेत, हीं समर्थनें आपल्या परिचयाचीं आहेत. आणि तीं सर्वस्वीं खोटींहि नसतात. १९४५ च्या जुलै महिन्यांत अणुबाँबच्या कार्यांत भाग घेतलेल्या ७० शास्त्रज्ञांनीं लिओ झिलार्ड यांच्या पुढाकारानें अध्यक्ष ट्रुमन यांना उद्देशून अर्ज केला कीं, शरणागतीच्या अटी जपानला जाहीरपणें कळविल्यावांचून हें अस्त्र वापरूं नये. तो अर्ज अध्यक्षांच्या हातीं पडला नाहीं, आणि ऑगस्टमध्यें हिरोशिमा व नागासाकी हीं शहरें भस्म झालीं. त्या सह्या आम्ही व्यर्थ मानीत नाहीं. परंतु त्या अस्त्र तयार झाल्यावरच्या आहेत, हेंहि विसरतां येत नाहीं. हातोडा खालीं येत असतां उपजलेल्या करुणेनें कैदी सुटत नाहीं. ती हातोडा उचलण्यापूर्वीं यावयास हवी.

मग हेफीस्टसचें सर्वांत मोठें काम कोणतें? थेटिस, जिनें त्याला लहानपणीं सांभाळलें, तीच एके रात्रीं आपल्या मुलासाठीं चिलखत मागावयास येते. अकिलीसचें मरण जवळ आलें आहे हें दोघांनाहि ठाऊक आहे. हेफीस्टस तिला खोटा धीर देत नाहीं. त्याला मृत्यूपासून लपवितां आलें असतें तर किती बरें झालें असतें, असें तो म्हणतो. पण आपल्या हातांत जें आहे तें उत्तम करून देतों, असें सांगून भात्यांकडे वळतो. आणि ढालीवर तो काय कोरतो? युद्धांत सांपडलेलें एक नगर तर आहेच. पण त्याबरोबर लग्नाच्या वराती, पंचांपुढें चाललेला तंटा, तास संपतांच ज्याच्या हातीं मद्याचा पेला दिला जातो तो नांगऱ्या, द्राक्षांचे मळे आणि नाचणारीं मुलेंमुली. मारण्यासाठीं निघालेल्या माणसाच्या हातीं त्यानें सारें जगणें दिलें.

त्या ढालीनें अकिलीस वांचला नाहीं, आणि त्याच्या हातून होणारे वधहि टळले नाहींत. कारागिराची सत्ता तितकीच असते. परंतु उपकार स्मरणें, खोटें आश्वासन न देणें, आणि ज्याला आपण शस्त्र देतों त्याच्या डोळ्यांपुढें तें शस्त्र काय नष्ट करणार आहे तें ठेवणें, एवढें त्याच्या हातीं होतें, आणि तेवढें त्यानें केलें. आपल्यापैकीं बहुतेकांना ऑलिम्पसवर बसून हुकूम सोडावयाचे नसतात. कोणत्या ना कोणत्या भट्टीपुढेंच उभें राहावयाचें असतें. तेथें उभें असतां आपण ढाल घडवीत आहों कीं बेड्या, हें विचारण्याचें काम मात्र दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करतां येत नाहीं.