नाताळच्या सकाळची पहिली घटका

आधार : लूक 2:8-20, निर्गम 12:26, 27



काही वर्षांपूर्वी नाताळच्या दिवशी तीन गावांच्या उपासना मजकडे होत्या. पहाटेपासून घरात माझी धावाधाव चालली होती. डगला कोठे आहे, भाकरी अजून का झाली नाही, मुलांची आंघोळ का उरकली नाही, असे मी एकामागून एक विचारीत होतो. विचारीत होतो असे म्हणणे म्हणजे स्वतःवर दया करणे होय. मी ओरडत होतो. माझी धाकटी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती आईच्या पदराआडून म्हणाली, "आई, नाताळ आला म्हणजे बाबा का गं रागावतात?"

त्या दिवशी तिन्ही गावी मी ख्रिस्ताने आणिलेल्या शांतीवर उपदेश केला. मंडळीने तो आवडल्याचे सांगितले. मला मात्र घरी परत येताना त्यातले एकही वाक्य आठवेना. त्या लेकराचा प्रश्न तेवढा आठवत होता.

लेकरांचे प्रश्न देव हलके मानीत नाही. वल्हांडणाचा सण नेमून देताना त्याने इस्राएल लोकांस अगोदरच बजावून ठेविले की, तुमची मुले या विधीचा अर्थ विचारतील, तेव्हा त्यांस तो समजावून सांगा. हे कोठे घडावयाचे होते? मंदिर तेव्हा बांधलेले नव्हते. तो सण घरोघरी, आईबापांच्या तोंडून समजावयाचा होता. म्हणजे मुलाने विचारावे आणि वडिलांनी उत्तर द्यावे, यासाठी घरात काहीतरी दरवर्षी घडले पाहिजे. आमच्या घरी दरवर्षी जे घडत होते ते माझे रागावणे, आणि मुलीने त्याचाच अर्थ विचारिला!

लूकाच्या दुसऱ्या अध्यायात दोन प्रकारची माणसे दिसतात. मेंढपाळ घाईघाईने गेले, त्यांनी बाळ पाहिले आणि ऐकिलेले वर्तमान सर्वांस कळविले. मरीया मात्र थोडे बोलली. जे झाले ते मनात घोळवीत राहिली. आमच्या खेड्यांतील नाताळ मेंढपाळांच्या वाटेने चांगला चालतो. रात्रभर टाळ, ढोलकी, पेटी घेऊन तरुण मंडळी घरोघरी गातात, कागदी चांदण्या झळकतात, आणि अलीकडे कर्णाही लागतो. (कर्णा थोडा हळू लावावा, एवढीच माझी विनंती.) पण मरीयेचा वाटा कोणाच्या घरी पडतो? सकाळ उजाडते ती चुलीच्या धुरात, नव्या कपड्यांच्या रुसव्यात आणि उपासनेला उशीर झाल्याच्या कटकटीत.

म्हणून मी एवढेच मागतो की, नाताळच्या सकाळची पहिली घटका कुटुंबाने एकत्र, शांतपणे घालवावी. घटका म्हणजे 24 मिनिटे. तेवढी फुरसत गरिबातल्या गरिबालाही काढिता येते.

आमच्या घरी आता काय होते ते सांगतो. गोठ्यात एक गाय आहे. उजाडण्यापूर्वी आम्ही सर्व गोठ्यात जातो. धाकटे मूल गव्हाणीत मूठभर कडबा टाकिते, थोरला मुलगा लूकातील जन्माची कथा वाचितो, एक भजन होते, आणि मग गूळ-शेंगदाणे वाटितो. करंज्या नव्हेत, गूळ-शेंगदाणेच. आणि दरवर्षी तेच, कारण मुलांस नवलाईपेक्षा तेच ते पुन्हा येण्याचे सुख मोठे वाटते. त्या घटकेत कोणी कोणास रागे भरावयाचे नाही, असा नियम मुलीनेच घातला आहे. तो मोडणारा बहुधा मीच असतो.

इटलीतील ग्रेच्चो नावाच्या गावी 1223 साली असिसीच्या फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाणी मांडिली, तीत गवत घातले, आणि बैल व गाढव आणवून उभे केले. लोकांना प्रभूची दीन अवस्था डोळ्यांनी दिसावी हा त्याचा हेतू होता. तुमच्या दारी तर गव्हाण बारा महिने आहे! तिचा वास, तिच्यातली धूळ, तिला लागलेली जनावराची लाळ हे सर्व तुम्हांस ठाऊक आहे. नवजात बाळाला तेथे ठेवावे लागणे म्हणजे काय, हे तुमच्या मुलांस चित्र दाखवून सांगावे लागत नाही. ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांनी टोपलीत थोडा कडबा घालावा.

या घटकेची तयारी आदल्या दिवशीच व्हावी. पाणी भरलेले, कपडे काढून ठेविलेले असावे. आणि पुरुषहो, पिठात हात घालण्यास लाजू नका. जी माउली मध्यरात्रीपर्यंत तळीत बसली तिने पहाटे पुन्हा एकटीनेच चूल पेटवावी, आणि तुम्ही स्वच्छ धोतर नेसून शांतीची गीते गावी, हे शोभत नाही. नव्या कपड्यांसाठी कर्ज तर मुळीच काढू नये. धुतलेला सदरा पुरे.

आमचे घर साधे, आमचा नाताळ कसला, असे कोणी म्हणेल. तर ऐका. येशूच्या जन्माची तारीख शास्त्रात दिलेली नाही, आणि हा सण कसा पाळावा याची आज्ञाही नाही. अमेरिकन मिशन 1810 साली ज्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्थापन झाले, तेथेच 1659 साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड करणारा कायदा झाला होता. तो 1681 साली रद्द झाला. त्या प्रांतातील भाविक लोक अनेक वर्षे या सणावाचून प्रभूची सेवा करीत राहिले. तेव्हा अमुक मिठाई नाही म्हणून कोणाचा सण उणा होत नाही. काही घरी यंदा एक जागा रिकामी असेल. तेथे गूळ वाटताना त्या माणसाचे नाव घ्यावे, रडू आल्यास रडावे.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या मंडळीतील किती कुटुंबे डिसेंबरात गावी असतात? बीड-नगरकडील अनेक घरे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. त्यांना नाताळची सुटी नाही. उचल फेडावयाची असते. त्यांच्या निघण्यापूर्वीच ही घटका त्यांस शिकवून ठेवा. मेंढपाळही गव्हाणीजवळ राहिले नाहीत, ते आपल्या कामावर परत गेले, आणि जाताना देवाचे स्तवन करीत गेले.

अशाच एका कुटुंबातील बापाने गावी परतल्यावर मला सांगितले. कोपीसमोर बैल बांधलेले होते. पहाटे चार वाजता त्याने बैलांपुढे उसाचे वाढे टाकिले, बायकोने चूल तशीच ठेविली, आणि दहा वर्षांच्या मुलाने मोबाइलच्या उजेडात लूकातील कथा वाचिली. शेजारच्या कोपीतील माणसे आपल्या धर्माची नव्हती. तीही घोंगडी पांघरून येऊन बसली. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने मुलास विचारिले, "हे काय रे वाचतोस, बाळा?"

"आजोबा, आमचा प्रभु जन्मला तेव्हा अशाच जागी निजला होता," मुलगा म्हणाला.

म्हातारा बैलांकडे पाहत राहिला. मग त्याने गुळाचा खडा तोंडात टाकिला, आणि मुकादमाची हाक आल्यावर सर्व कोयते उचलून फडात गेले.