जडाचा हेतू आणि तुरीचा मर रोग

जड वस्तू हेतू धरून वागू शकते का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. प्रकृती अचेतन असूनही पुरुषासाठी, म्हणजे चेतन आत्म्यासाठी, राबते, असे सांख्य मानतात. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत त्यासाठी वासराकरिता पाझरणाऱ्या दुधाचा दाखला दिला. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तोच उलटवला: दूध पाझरते ते सचेतन गाईच्या मायेमुळे आणि वासराच्या चोखण्यामुळे. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद, बिलोलीकडच्या काळ्या रानातली तूर या वादात महत्त्वाची ठरते, कारण ती रोगाला अडवते, पण तिथे माया करणारी गाय नाही.

तुरीचा मर रोग ‘फ्युजेरियम उडम’ या बुरशीमुळे होतो. ती जमिनीत, जुन्या धसकटांवर वर्षानुवर्षे टिकते, कोवळ्या मुळांतून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद करते. फुलाशेंगांवर आलेले झाड उभ्या उभ्या वाळते. खोड चिरले की काळपट रेषा दिसतात. ज्वारीसोबत आंतरपीक घेतल्याने रोग कमी होतो, पण एकदा झाड धरले की फवारणीने ते वाचत नाही. खरा बंदोबस्त बियाण्यातच असावा लागतो. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ आणि बीडीएन ७११ हे वाण मराठवाड्यात रुजले ते याच गुणामुळे.

हा बंदोबस्त दोन पातळ्यांवर चालतो. बुरशीच्या भिंतीत कायटिन असते. पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिने ते ओळखतात आणि पेशी भिंत जाड करते, कायटिन तोडणारी विकरे सोडते. बुरशी यावर मात करणारी प्रथिने आत धाडते, तेव्हा पेशीतली दुसरी प्रथिने त्यांना हेरतात. अमेरिकेत हॅरल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवले की झाडातल्या प्रतिकारक जनुकाला बुरशीतले एक जनुक जोडीदार असते. तांबेरा जिवंत पेशीवरच जगतो, म्हणून लागण झालेली पेशी स्वतः मरते आणि रोग तिथेच अडतो. मर रोगाची बुरशी मेलेल्या पेशीवरही पोसते. तिथे नलिकांतले डिंकासारखे अडसर आणि कॅजानॉलसारखी बुरशीनाशक द्रव्ये लागतात.

पेशीच्या त्या मरणाला त्याग म्हणावेसे वाटते. पण त्यागासाठी न मरण्याची वाटही खुली असावी लागते, आणि ती पेशीला नसते. तुरीचा हेतू तिच्या वंशाच्या इतिहासात आहे: ज्यांना बुरशी ओळखता आली नाही त्यांचे बी कमी उरले, ज्यांना आली त्यांचे टिकले. शंकराचार्यांनी मागितलेल्या चेतन कर्त्याशिवाय हेतूसारखे वागणे कसे घडते, याचे हे खरे उत्तर आहे, आणि एवढ्यापुरती सांख्यांची बाजू बळकट होते. मात्र सृष्टीत मुळात नियम का आहेत, हा आचार्यांचा मोठा प्रश्न त्याने सुटत नाही.

जैन दर्शन वनस्पतीला स्पर्श हे एकच इंद्रिय असलेला जीव मानते. जनुकशास्त्र ते सिद्धही करत नाही, खोडूनही काढत नाही. ओळखणे आणि जाणवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जाणीवपूर्वक निवड या साऱ्यात फक्त माणूस करतो. बुरशीचेही प्रकार बदलतात, एका गावी टिकलेला वाण दुसऱ्या गावी मरतो, आणि नवे प्रतिकारक जनुक शोधायचे ते जुन्या गावरान व रानटी तुरींतच. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत तुरीचे १३ हजारांहून अधिक नमुने जपून ठेवले आहेत.