प्रभूला उशीर झाला तेव्हा

मार्था प्रभूवर रागावली होती, असंच मला वाटतं. भाऊ आजारी आहे हा निरोप बहिणींनी वेळेत धाडला होता. तो मिळूनही येशू आणखी दोन दिवस होता तिथेच राहिला. बेथानीला पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था घरात थांबली नाही. तिने त्याला गावाबाहेरच गाठलं आणि तोंडावर सांगितलं, की तो असता तर भाऊ गेला नसता. थोड्या वेळाने मरिया आली, त्याच्या पायाशी पडली आणि तेच बोलली. चार दिवस त्या घरात हा ‘तर’ किती वेळा उच्चारला गेला असेल!

योहानाचा अकरावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले. लक्ष असायचं ते लाजर उठतो त्याकडे. दादा गेल्यावर मात्र मी अलीकडेच अडकले, त्या दोघी बहिणींपाशी.

दादा नगरला, मी पुण्यात नर्स. “येऊन जा गं एकदा,” तो फोनवर म्हणाला. मी म्हटलं, “शनिवारी येते.” गुरुवारी पहाटे तो गेला. तो देवळात पेटी वाजवायचा. त्याच्या ‘उपासना संगीता’त गाण्यांच्या आकड्यांपुढे पेन्सिलीने पट्टी लिहिलेली आहे: काळी एक, पांढरी चार. काही ठिकाणी चढी पट्टी खोडून खालची लिहिली आहे, म्हाताऱ्या बायांना सूर पोचावा म्हणून. दफनाच्या दिवशी पेटीवर दुसरं कुणीतरी होतं आणि गाणं फार वर चढलं.

मंडळी प्रेमाने म्हणत होती, प्रभूची इच्छा. हे मला पटत नाही. बेथानीत प्रभूने स्वतः असं म्हटलं नाही. थोड्याच वेळात लाजराला हाक मारायची आहे हे ठाऊक असूनही तो आधी रडला. उत्तर हाताशी असताना रडणारा देव मला हवा आहे, आणि तोच मला मिळाला आहे.

माझी अडचण वेगळी होती. पाप असतं तर कबूल केलं असतं, क्षमा मागितली असती. ती वाट आम्हाला लहानपणीच दाखवलेली असते. पण ‘शनिवारी येते’ म्हणणं हे पाप नव्हे. मग त्याची क्षमा कशी मागायची? ही खंत कोणत्याच प्रार्थनेत बसेना. मार्थेने मला दाखवलं की ती बसवायची नसतेच, प्रभूसमोर नुसती बोलायची असते. त्याने तिला गप्प केलं नाही. पुनरुत्थानाबद्दल विचारलं तेव्हा तिने विश्वास आहे म्हणून सांगितलं, आणि धोंड काढायची वेळ आली तेव्हा दुर्गंधी येईल म्हणून तीच पुढे झाली. विश्वास आणि धास्ती, एकाच बाईच्या मनात, एकाच दिवशी.

नगरला जाताना गाडी दौंडच्या अलीकडे केडगावला येते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 साली भाऊ, 1882 साली नवरा. 1921च्या जुलैत एकुलती एक मनोरमाही गेली. त्या काळात रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. हा अध्यायही त्यांच्याच हातून गेला. मार्थेचं बोलणं मराठीत उतरवताना त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा विचार केडगाव आलं की मी करते. लेकीमागोमाग एप्रिल 1922मध्ये त्याही गेल्या.

हल्ली प्रार्थनेत मी एवढंच म्हणते: प्रभू, मी नव्हते, तू होतास ना? उत्तर ऐकू येत नाही. तो होता, हे मी धरून चालते आणि त्यावर मला झोप लागते.

वहिनी अजून म्हणते, आदल्या दिवशीच डॉक्टरकडे नेलं असतं तर. घरी भेटायला येणाऱ्यांना माझी विनंती आहे, तिला तिथे अडवू नका. शेजारी बसा आणि तिचं पूर्ण ऐकून घ्या.