वही आण इकडे

उभा राहा. वही घेऊन इकडे ये. बाकाखाली काय शोधतोस, वही तुझ्या हातातच आहे.

हे पान बघ. वर तारीख. मधोमध 'चक्रवाढ व्याज', खाली लाल आणि हिरवी अशी दुहेरी रेघ. समास पट्टीने आखलेला. 'उदाहरण 1' लिहून त्याभोवती चौकट. आणि चौकटीखाली? कोरं पान! आई म्हणाली, साडेपाचला बसलास तो आठला उठलास. अडीच तास काय करत होतास? पेन्सिलींना टोकं काढत होतास. चक्रवाढ व्याजाला पेन्सिल कुठे लागते रे? मग कंपासपेटी पालथी करून पुसलीस. मग पुस्तकाला नवं कव्हर घातलंस, जुनं धडधाकट असताना.

आता शेवटचं पान. ही यादी कुणाची? विमानाची वेळ, कंपनी, शेपटीचा रंग. सहा वाजून चार मिनिटं, सहा वाजून सहा मिनिटं... एक ओळ वाकडी नाही, कुठे खाडाखोड नाही. अरे, आपल्या विमानतळावर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. पार्ल्यात राहून प्रत्येक विमानाला मान वर करणार असशील, तर वहीत डोकं घालणार कधी?

हसू नका रे मागे! तुमच्याही वह्या बघायच्या आहेत मला.

आळशी मुलाचा मला इतका राग येत नाही. तू आळशी नाहीस. कुणी न सांगितलेलं काम तू मन लावून करतोस, सांगितलेल्या कामाला मात्र घाबरतोस. पहिलंच गणित अडलं तर? उत्तर चुकलं तर? एवढी सजवलेली वही खराब झाली तर? म्हणून रेघा, म्हणून टोकं, म्हणून विमानं.

आणि वर तोंड करून म्हणतोस, पुलंनी तरी कुठे गृहपाठ केला होता! कुणी सांगितलं तुला? ते इथल्याच पार्ले टिळक विद्यालयात शिकले, म्हणून त्यांचं नाव तुझ्या सबबीसाठी वापरायचं नाही. शाळकरी वयात त्यांनी टिळक मंदिरात बालगंधर्वांना पेटी वाजवून दाखवली. समोर साक्षात बालगंधर्व! तशी बोटं फिरायला किती घोटावं लागत असेल, याचा विचार कर. पुढे बेळगावला राणी पार्वतीदेवी कॉलेजात मुलांना शिकवलं, ते काय वहीत चौकटी काढून?

तुझं गणित तरी केवढं होतं? मुद्दल 2000, दर 5, मुदत 2 वर्षं. पहिल्या वर्षाचं व्याज 100. दुसऱ्या वर्षी 2100 वर 5 टक्के, म्हणजे 105. रास 2205. संपलं! तुझ्या त्या चौकटीला याहून जास्त वेळ लागला असेल.

'करतच होतो, बाई' हे मला पुन्हा ऐकवायचं नाही. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की स्टाफरूममध्ये ये. उदाहरण 2 माझ्यासमोर सोडवायचं. चुकलं तर मी समजावीन, दहादा समजावीन. फक्त पेन आण. पट्टी, रंगीत पेनं आणि ती कंपासपेटी दप्तरातच राहू दे.